ज्या वर्षी आमच्या मंडळीनं नाताळ बंद केला

लातूरच्या आमच्या मंडळीत नाताळची उपासना बंद करायचा ठराव आला, तेव्हा त्याला पहिलं अनुमोदन माझ्या वडिलांनी दिलं. आई त्याच सभेत बायकांच्या बाजूला सतरंजीवर बसली होती. मी नांदेडला नर्स आहे. त्या रविवारी सुटी होती म्हणून आले होते, आणि आईच्या शेजारी बसले होते. बाबांचा हात वर गेला तसा आईनं माझा हात धरला. आधारासाठी नव्हे, मी उठून काही बोलू नये म्हणून.

मंडळी, म्हणजे आमच्या चर्चची माणसं, मोठी नव्हती. तीस-पस्तीस घरं. बहुतेक माणसं औसा, मुरुड, निलंगा या बाजूच्या खेड्यांतून पोटापाण्यासाठी शहरात आलेली. चर्च म्हणजे रिंगरोडपलीकडची पत्र्याची एक लांब खोली, पुढं लाकडी मेज आणि भिंतीवर साधा क्रूस. बाबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. निवृत्त झाल्यापासून त्यांचं सगळं लक्ष मंडळीकडं. कारभार बघणाऱ्या पाच जणांत ते सगळ्यात जुने होते, आणि शास्त्र, म्हणजे बायबल, त्यांच्याइतकं कुणी वाचलेलं नव्हतं. रोज पहाटे चहाच्या आधी दोन अध्याय. पुस्तकाच्या कडा त्यांच्या बोटांच्या ग्रीसनं काळ्या पडलेल्या.

बाबांनी तो हात का वर केला हे समजायला माझ्या आजोबांची गोष्ट सांगायला पाहिजे. आजोबा औशाजवळच्या एका खेड्यात राहायचे. गावच्या जत्रेत हलगी वाजवण्याचा मान, किंवा सक्ती म्हणा, आमच्या घराकडं होती. बाप्तिस्मा घेतल्यावर आजोबांनी हलगी खाली ठेवली. गावानं कारण विचारलं तर एकच उत्तर, "शास्त्रात न्हाई." गावानं त्यांचं पाणी तोडलं, काम तोडलं. एकदा चौघांनी धरून हलगी त्यांच्या गळ्यात अडकवली आणि वाजव म्हणाले. आजोबा हात जोडून उभे राहिले, पण वाजवली नाही. त्या माराचा व्रण त्यांच्या कानामागं मरेपर्यंत होता. बाबा तेव्हा सात वर्षांचे होते आणि त्यांनी ते बघितलं होतं. पुढं हे कुटुंब लातूरला आलं.

"शास्त्रात न्हाई" हे शब्द आमच्या घरात असे आले होते. त्यांची किंमत मोजलेली होती.

आता आईचं सांगते. तिचं माहेर किल्लारीजवळचं. भूकंप झाला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आम्ही लातूरला होतो म्हणून वाचलो. आईचे आई-बाप आणि तिची धाकटी बहीण दगडमातीच्या भिंतींखाली गेले. आई माहेरी जाऊन आली आणि बोलायची थांबली. भाकरी करायची, धुणं धुवायची, मला वेणी घालायची, पण तोंडातून शब्द नाही. बाबा तिच्याजवळ बसून प्रार्थना करायचे. ती ऐकायची आणि उठून कामाला लागायची.

त्या डिसेंबरात मंडळीनं ठरवलं की नाताळची उपासना यंदा चर्चमध्ये करायची नाही, किल्लारीकडं पत्र्याच्या शेडमध्ये राहणाऱ्या लोकांत जाऊन करायची. दोन जीपा भरून आम्ही गेलो. थंडी एवढी होती की पत्र्याला हात लावला तर चटका बसल्यासारखं व्हायचं. तिथं जमलेली बहुतेक माणसं ख्रिस्ती नव्हती. आमच्यासारखीच कुणी ना कुणी गमावलेली माणसं होती, एवढंच. मंडळीच्या तेव्हाच्या धर्मगुरूंनी, पाळकांनी, येशूच्या जन्माची गोष्ट वाचली. जागा मिळाली नाही, गव्हाणीत ठेवलं, ते सगळं. वाचून झालं आणि कुणालाच काही बोलता येईना. तेव्हा मागून आईचा आवाज आला. जात्यावरच्या ओवीची चाल, शब्द तिचे स्वतःचे:

आमचं पडलं रे घर, तुला नव्हतंच घर
ये रे बाळा माझ्या, पदराखाली सर

तीन महिन्यांनी आई बोलली ती अशी. शेडमधल्या बाया रडायला लागल्या. बाबा टोपीनं डोळे पुसत होते, हे मला स्वच्छ आठवतं. आईनं त्या दिवशी सात-आठ ओव्या म्हटल्या, आणि तेव्हापासून दरवर्षी आमच्या मंडळीची नाताळची उपासना आईच्या ओव्यांनी संपायची. ती स्वतः ते कधी ठरवायची नाही. शेवटची प्रार्थना झाली की सगळे नुसते तिच्याकडं बघायचे.

नवे पाळक कोरोनानंतरच्या वर्षी आले. पस्तिशीचे, उदगीरकडचे, बोलण्यात थोडा कानडी हेल. त्यांचं शिक्षण खाली दक्षिणेत झालं होतं. त्यांच्याबद्दल वाईट सांगण्यासारखं माझ्याकडं काही नाही, आणि हेच या गोष्टीतलं अवघड आहे. माणूस सरळ होता. कुणाच्या घरी जेवायला बसला तर भाकरी मोजून दोनच घ्यायचा, त्या घरात कमी पडू नये म्हणून. कुणी आजारी पडलं की हातात फळं नसली तरी चालेल, पण हा हजर.

त्यांचं म्हणणं साधं होतं. देवाची उपासना कशी करायची हे देवानंच सांगून ठेवलंय. त्यात आपण आपल्या मनानं भर घालायची नाही. पंचवीस डिसेंबर ही तारीख शास्त्रात कुठं नाही. हा दिवस पाळा असं प्रभूनं सांगितलं नाही, प्रेषितांनी पाळला नाही. जन्म खरा, पण सण माणसांनी केलेला. ते पाच-सहा रविवार हेच शिकवत होते, आणि बायबलातल्या एका याजकाच्या, म्हणजे पुरोहिताच्या, दोन मुलांची गोष्ट सांगत होते. देवानं न सांगितलेला विस्तव त्यांनी वेदीपुढं नेला आणि तिथंच जळून मेले.

बाबा घरी येऊन ती गोष्ट पुन्हा वाचायचे. आठवडाभर ते अस्वस्थ होते, असं आईनं मला फोनवर सांगितलं. "तुझे बाबा जेवून नाही राहिले नीट," ती म्हणाली. "आजोबाचं नाव घेऊन राहिलेत सारखं."

दिवाळी होऊन गेल्यावरच्या रविवारी सभा झाली. पाळकांनी ठराव वाचला. नाताळ घरी कुणी कसा पाळावा यात मंडळी पडणार नाही. पण चर्चमध्ये त्या दिवशी वेगळी उपासना नाही, चांदणी नाही, मुलांचं नाटक नाही, आणि रविवारच्या उपासनेत नाताळची गाणी नाहीत. मग बाबांनी हात वर केला आणि उभे राहिले.

"माझ्या बापानं हलगी सोडली," ते म्हणाले. "तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या बापानं काही ना काही सोडलं. कुणी पोतराजाचा कोरडा सोडला, कुणी मरीआईचा गाडा. गाव म्हणत होतं, आमची रीत हाय, आमच्या बापजाद्याची हाय. आपण म्हटलं, शास्त्रात न्हाई. आता आपलीच रीत शास्त्रात न्हाई असं दिसलं, तर आपण काय म्हणायचं? आमच्या बापजाद्याची हाय म्हणायचं?"

मला आजही वाटतं की त्या युक्तिवादाला त्या खोलीत उत्तर नव्हतं.

आईची एक मैत्रीण होती, तिला मी मावशी म्हणते. भाजीचा गाडा चालवणारी, आवाज मोठा. ती उठली. "दादा, मरीआईच्या गाड्यात नि येशूच्या जल्मात काही फरक हाय का न्हाई? त्यो जल्मला हे तर शास्त्रात हाय ना?"

"हाय," बाबा म्हणाले. "म्हणून रोज आभार माना. रोजच माना. एक दिवस कामून?"

"कारण माणसाला एक दिवस लागतो!" मावशी म्हणाली. "वरसभर उन्हात गाडा ढकलायचा, तर माणसाला एक दिवस लागतो."

पाळक शांतपणे म्हणाले, "बाई, माणसाला काय लागतं यावरून उपासना ठरत नाही."

मत घेतलं. ठराव चार-पाच मतांनी मंजूर झाला. आईनं हात वर केला नाही, बाजूनंही नाही आणि विरोधातही नाही. घरी जाताना रिक्षात बाबा तिला म्हणाले, "तुला वाईट वाटलं असंल."

आई म्हणाली, "तुमच्या बापानं मार खाल्ला ते मला ठाऊक हाय. माझा बाप कुठं हाय ते तुमाला ठाऊक हाय."

"तुझं दुःख येगळं नि देवाची उपासना येगळी," बाबा म्हणाले. आवाज मऊ होता त्यांचा. पण तिनं नंतर या विषयावर त्यांच्याशी एक शब्द काढला नाही, आणि त्या दिवसापासून चर्चमध्ये गाणं म्हटलं नाही. दर रविवारी जायची, बसायची, सगळे गात असताना ओठ मिटून समोर बघत राहायची.

डिसेंबर उजाडायच्या आत मावशीसह अकरा घरं निघून गेली. तबला वाजवणारा त्यांच्यात होता, बाजाची पेटी वाजवणाराही. औसा रोडवर एकाच्या घरापुढच्या अंगणात ते जमायला लागले. मावशी आईला न्यायला दोनदा आली. आई म्हणाली, "नवरा एका चर्चला नि बायको दुसऱ्या, हे माझ्यानं व्हायचं न्हाई."

त्या पहिल्या वर्षी पंचवीस तारखेला मी दोन दिवसांची सुटी काढून लातूरला गेले. आईनं करंज्या केल्या होत्या. बाबांनी अडवलं नाही, एक खाल्लीसुद्धा. मग चष्मा लावून रोजच्यासारखं वाचत बसले. आमच्या घरासमोर दरवर्षी चांदणी लागायची आणि गल्लीतल्या पंधरा-वीस घरी ताट जायचं. त्या वर्षी आईनं ताटं भरलीच नाहीत. दुपारी समोरच्या घरातल्या काकू आल्या. त्यांचे यजमान शिक्षक होते, देवधर्म पाळणारं घर, पण आईच्या करंज्यांची वाट बघायचे. दारातच थांबून त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, "यंदा चांदणी दिसली नाही हो. सण नाही का तुमच्याकडं? सुतक आहे का काही?"

आई म्हणाली, "हाव. तसंच समजा."

काकू आत आल्या नाहीत. सुतकाच्या घरी जसं दोन मिनिटं उभं राहतात तसं उभ्या राहिल्या आणि गेल्या. बाबांनी हे ऐकलं. पुस्तकाचं पान बराच वेळ उलटलं नाही.

दुसऱ्या वर्षी पोळ्याच्या सुमाराला आईच्या पायावर सूज आली. साखरेचा आजार जुनाच होता. तपासण्या केल्या तेव्हा दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ गेलेली. आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. मी नांदेडहून जमेल तेव्हा यायची, पण दर मंगळवारी आणि शुक्रवारी तिला रिक्षात घालून दवाखान्यात कोण न्यायचं, तर ते पाळक. चार-चार तास बाहेरच्या बाकावर बसून राहायचे. आईला उलटी झाली तर स्वतः पुसायचे. मी एकदा म्हटलं, "साहेब, तुम्ही एवढं करता." ते म्हणाले, "ताई, आई माझ्याशी बोलत नाहीत. पण बसू देतात."

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तिची तब्येत एकदम खाली आली. मी रजा टाकून आले. त्या दिवशी बाबा औषधं आणायला गेले होते. वॉर्डात दुपारचं ऊन पलंगाच्या पायथ्याशी आलं होतं. आईनं मला जवळ बोलावलं. श्वास लागत होता, म्हणून तिनं तुटक तुटक सांगितलं.

"माझ्या मातीला माझ्या ओव्या म्हणा. मावशीला पाठ हायत. तुझ्या बाबाला सांग. मी सांगितलं तर त्यांना वाटंल भांडण काढून राहिली. तू सांग."

मी म्हटलं, "सांगते."

मी सांगितलं नाही. बाबा परत आले तेव्हा हातातल्या पिशवीतून औषधाच्या बाटल्या काढताना त्यांच्याकडून एक बाटली खाली पडली. ती उचलून त्यांनी आईच्या कपाळाला हात लावला आणि तसेच उभे राहिले. मी मनात म्हटलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी पाळक आले होते. त्यांच्यासमोर कसं सांगायचं? तिसऱ्या दिवशी वाटलं, ती बरी झाली तर उगाच घरात पुन्हा तेच निघेल. मी वीस वर्षं वॉर्डात काढलेली बाई. ती बरी होणार नाही हे मला तिच्या नखांवरून दिसत होतं. तरी मी स्वतःला असं सांगितलं. तेवीस तारखेला सकाळी आई गेली.

चोवीसला सकाळी दहाला माती होती. मावशीसह निघून गेलेली अकराही घरं आली. वर्षभरात दोन्हीकडची माणसं पहिल्यांदाच एका ठिकाणी उभी होती, पण खड्ड्याच्या दोन बाजूंना, आपापली. समोरच्या काकू आणि त्यांचे यजमानही आले होते, जरा लांब झाडाखाली उभे. पाळकांनी पुनरुत्थानाचं वचन वाचलं, प्रार्थना केली. पेटी खाली सोडली. बाबांनी पहिली मूठ टाकली, मग मी.

आणि मावशीनं सूर लावला.

आमचं पडलं रे घर...

तिच्यामागं पाच-सहा बायांनी धरलं, मग त्यांच्या बाजूच्या सगळ्यांनी. मी बाबांकडं बघितलं. त्यांचा चेहरा आधी नुसता गोंधळलेला होता. मग त्यांनी मान वर करून बघितलं तर समोर निघून गेलेली सगळी घरं गात होती, आणि त्यांच्या बाजूची माणसं गप्प होती. दुसऱ्या दिवशी नाताळ. त्यांना वाटलं, हे माझ्या बायकोच्या खड्ड्याशी ठरावाचा जबाब देऊन राहिलेत. हे त्यांनी मला नंतर सांगितलं. तेव्हा त्यांनी फक्त हात वर केला.

"बंद करा," ते म्हणाले. "तिच्या मातीवर भांडण नको. बंद करा."

मावशी थांबली. ती माझ्याकडं बघत होती. तिला आईनं दवाखान्यात सांगितलं असणार, आणि मी बाबांना सांगितलं असेल असं ती धरून चालली होती. तिच्या बघण्यात एकच प्रश्न होता. मी मान खाली घातली. एक वाक्य पुरेसं होतं: "बाबा, आईनंच सांगितलं होतं." ते माझ्या तोंडातून निघालं नाही.

गाणं पुन्हा सुरू झालं नाही. फावड्याचा आवाज तेवढा राहिला. मी पुष्कळ माणसं मरताना बघितली आहेत आणि पुष्कळ मातीला गेले आहे. पण एवढ्या माणसांत इतकी गप्प माती मी दुसरी बघितली नाही. पाळक खाली बघत होते. संपल्यावर निघून गेलेली घरं बाबांना न भेटताच गेली. मावशी माझ्याजवळून जाताना थांबली, माझा खांदा दाबला, आणि पुढं गेली. ती मला बोलली असती तर बरं झालं असतं.

मी नांदेडला परत आले. ड्युट्या केल्या. दर रविवारी फोनवर बाबांशी बोलायची, गोळ्या घेता का, कामाला लावलेली बाई येते का. पाच महिने मी ते आत ठेवलं. मे महिन्यात लातूरला गेले, तेव्हा बाबा आईचं कपाट आवरत होते. एक लुगडं हातात घेऊन त्यांनी सहज विचारलं, "शेवटी काही बोलली होती का तुला? मी औषधाला गेलो होतो तेव्हा?"

मी सांगितलं. सगळं. तिचे शब्द, जसेच्या तसे.

बाबा लुगड्याची घडी घालत होते ती त्यांनी पूर्ण केली. कपाटात ठेवली. मग पलंगावर बसले. मी त्यांच्या पायाशी बसून रडायला लागले, मला माफ करा म्हणाले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही, झिडकारलंही नाही.

मग ते म्हणाले, "तू सांगितलं असतंस तर मी म्हणू दिलं असतं, असं मला वाटतं. पण खरंच म्हणू दिलं असतं का, हे मला आता कधी कळायचं न्हाई. ते कळायची एकच वेळ होती."

संध्याकाळी ते मावशीकडं गेले. मी सोबत येते म्हटलं तर नको म्हणाले. तासाभरानं परत आले. काय झालं म्हणून विचारलं. "माफी मागितली," ते म्हणाले. "दिली का?" "चहा दिला."

जूनमध्ये त्यांनी कारभाऱ्यांतून आपलं नाव काढून घेतलं. पाळक त्यांना समजवायला घरी आले होते. मी फोनवर होते, बाबांनी फोन तसाच चालू ठेवला होता, त्यामुळे मला ऐकू आलं. पाळक म्हणत होते, "काका, ठराव चुकीचा होता असं वाटतं का तुम्हाला?"

बाबा म्हणाले, "न्हाई. ठराव बरोबर होता. शास्त्र उघडून दाखवा, मी आजही हात वर करीन. पण बरोबर असलेली गोष्ट माझ्या हातून अशी झाली की तिच्यानं माझी बायको वर्षभर देवापुढं मुकी राहिली. किल्लारी झाली तेव्हा ती तीन महिने मुकी होती. तो धरणीकंप होता. हा मी होतो."

पाळकांच्या रडण्याचा आवाज आला आणि मी फोन ठेवला.

ते पाळक पुढच्याच वर्षी दुसरीकडं गेले. कुणी घालवलं नाही, त्यांनीच विनंती केली म्हणे. त्यांच्या जागी अजून कायमचं कुणी आलेलं नाही. दोन्ही मंडळ्या एक करायची बोलणी दोनदा झाली. दोन्ही वेळा नाताळाशी येऊन अडली. इकडं उपदेश सांगणारं कुणी नाही, औसा रोडला शास्त्र नीट वाचता येणारी तीनच माणसं. पाळक गेल्यावर लोक गळत गेले, पत्र्याच्या त्या खोलीत आता रविवारी आठ-दहा माणसं असतात. गाणं म्हणायची वेळ आली की एकमेकांची तोंडं बघतात. औसा रोडवरच्या अंगणात नाताळ होतो, पण मावशी ओव्या म्हणत नाही. बाकीच्यांनी आग्रह केला तर म्हणते, ज्या बाईच्या मातीला त्या म्हणता आल्या नाहीत, त्या आता कुणासाठी म्हणू?

नांदेडला मी ज्या चर्चला जाते तिथं नाताळ दणक्यात होतो. लायटिंग, स्टेज, गावातले पुढारी येऊन शुभेच्छा देतात, सत्कार होतात. तिथं बसले की मला बाबांचं म्हणणं पटतं. वाटतं, यात देवाची उपासना कुठं आहे? आणि लातूरला त्या रिकाम्या खोलीत बसले की आईचं पटतं. मला कुणी विचारलं की मंडळीनं उपासनेत नाताळ पाळावा की पाळू नये, तर मी उत्तर देत नाही. लोकांना वाटतं मी विचार केलेला नाही.

मी एवढं बघितलं आहे. सभेच्या त्या खोलीत खोटं बोलणारं कुणी नव्हतं. पाळक खरं बोलत होते, बाबा खरं बोलत होते, मावशी खरं बोलत होती. ज्यांनी बोलायला पाहिजे होतं त्या आम्ही दोघी गप्प होतो, आई आणि मी. आईनं का तोंड मिटलं ते मी समजू शकते. माझ्या गप्प राहण्याला नाव नाही.

आता डिसेंबरात मी पंचवीस तारखेची ड्युटी मागून घेते. बाकीच्या ख्रिस्ती नर्सना सुटी हवी असते, त्यामुळे सगळ्यांची सोय होते. गेल्या वर्षी दुपारी जेवणाच्या सुटीत बाबांचा फोन आला.

"आज ड्युटी हाय का?"

"हाय बाबा."

"जेवलीस?"

"जेवले. तुम्ही?"

"जेवलो. समोरच्या काकूंनी भाजी दिली होती मेथीची." मला वाटलं आजच्या दिवसाचं काही म्हणतील. मागं गल्लीतून भंगारवाला ओरडत चालला होता, तो फोनमध्ये ऐकू येत होता.

"बरं मग," ते म्हणाले. "पेशंट बघ."